गॅस सोडला की टोकामॅकमधली घनता किती वाढते? साध्या लॅपटॉपवर करायचं सिम्युलेशन

टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला तापलेला वायू) चुंबकक्षेत्रानं कड्याच्या आकारात बांधून ठेवणारं फ्यूजनचं यंत्र. त्यात इंधन घालायची सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे भिंतीतल्या व्हॉल्व्हमधून हायड्रोजन सोडणं. सोडलेल्या गॅसपैकी किती प्लाझ्मात राहतो, किती खोल जातो आणि घनता किती वेळानं वाढलेली दिसते, या तीन प्रश्नांची उत्तरं देणारा प्रोग्रॅम एम.एस्सी.चा विद्यार्थी ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिहू शकतो. अहेरी, मारेगाव किंवा मेहकरच्या कॉलेजात बसूनही हे काम होतं. त्यासाठी नागपूर-पुण्याला जाऊन मोठं मशीन शोधावं लागत नाही. लागतं ते एकच: प्रत्येक टप्प्यावर अणूंचा हिशेब जुळवायची चिकाटी. या विषयातल्या पुष्कळ चुका हिशेब न जुळवल्यामुळे होतात आणि आलेख मात्र देखणा येतो, म्हणून त्या सापडत नाहीत.

नमुन्याला गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा आदित्य-यू घेऊ. मोठी त्रिज्या (कड्याच्या केंद्रापासून नळीच्या मध्यापर्यंत) ०.७५ मीटर, लहान त्रिज्या (नळीची स्वतःची) ०.२५ मीटर. लहान, गोल आणि आपल्या देशातला, त्यामुळे आकडे हाताळायला सोपे.

तयारी

पायथन आणि त्याच्या नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब व नम्बा (प्रोग्रॅम वेगानं चालवणारी) या लायब्ररी एवढं पुरतं. रोजच्या दीड जीबी डेटात सगळं बसतं, पण गावात नेट टिकत नसेल तर तालुक्याला जाऊन पिपच्या (पायथनच्या लायब्ररी उतरवणाऱ्या साधनाच्या) ‘डाउनलोड’ आदेशानं फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. इथं हमखास एक गडबड होते: उतरवणाऱ्या कॉम्प्युटरवर पायथनची आवृत्ती वेगळी किंवा तिथं विंडोज आणि तुमच्याकडे लिनक्स. मग घरी आल्यावर एकही फाइल बसत नाही. जाण्यापूर्वी आपली आवृत्ती कागदावर लिहून न्या.

लाइनचा भरवसा नसतो, म्हणून दर काही टप्प्यांनी सगळी स्थिती डिस्कवर जतन करा. त्यातही आधी तात्पुरत्या नावानं फाइल लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. लिहिता लिहिता लाइट गेली तर अर्धवट फाइल जुन्या चांगल्या फाइलीवर बसत नाही. रॅन्डम आकड्यांच्या जनरेटरची अवस्थाही सोबत जतन करा, नाहीतर पुन्हा सुरू केलेला रन आधीच्याशी जुळत नाही. मे महिन्यात लॅपटॉप तापून मंद होतो हे खरं, पण त्याला कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओलावा आत जातो. मोठे रन पहाटे लावावेत.

आधी कागदावर

प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी एक पानभर आकडेमोड करा. मापं अशी ठेवा: घनता ‘घनमीटरला १० चा १९ वा घात’ या एककात, कणांची संख्याही त्याच पटीत, वेळ मिलिसेकंदात, अंतर मीटरमध्ये, तापमान इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (पुढे नुसतं ईव्ही). कॉम्प्युटरला मोठ्या घातांचं काही वाटत नाही, पण स्क्रीनवर ०.३, २४, ३१७ असे आकडे दिसले की चूक डोळ्यांना खुपते. पंचवीस शून्यांत ती लपते.

कड्याचं आकारमान म्हणजे २ × पायचा वर्ग × मोठी त्रिज्या × लहान त्रिज्येचा वर्ग: ०.९२५ घनमीटर. सरासरी घनता २ हवी असेल तर आत १.८५ एकक इलेक्ट्रॉन लागतात.

आता गॅस. व्हॉल्व्हचा प्रवाह ‘पास्कल-घनमीटर प्रति सेकंद’ या मापात सांगतात. २० अंश सेल्सियसला १ पास्कल-घनमीटर हायड्रोजनमध्ये ०.२४७ × १० चा २१ वा घात इतके रेणू, म्हणजे २४.७ एकक रेणू, म्हणजेच ४९.४ एकक अणू. रेणूत अणू दोन असतात हे विसरून निम्मा किंवा दुप्पट आकडा घेणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक. फाइलीत चलाचं नावच ‘अणू-प्रवाह’ किंवा ‘रेणू-प्रवाह’ असं ठेवा, नुसतं ‘प्रवाह’ ठेवू नका. तापमानही बघा: चंद्रपूरच्या मे महिन्यातले ४५ अंश धरले तर त्याच १ पास्कल-घनमीटरमध्ये २२.८ एककच रेणू भरतात, जवळपास ८ टक्के कमी. म्हणून व्हॉल्व्हचं कॅलिब्रेशन कोणत्या तापमानाला झालंय ते धरूनच आकडा बदला.

यावरून पहिली मोजपट्टी मिळते. १ पास्कल-घनमीटर प्रति सेकंद या दरानं १ मिलिसेकंद गॅस सोडला आणि एकही अणू वाया गेला नाही, तर सरासरी घनता ०.०५३ नं वाढेल. तुमच्या प्रोग्रॅममध्ये याहून जास्त वाढ दिसली तर प्लाझ्मा भौतिकशास्त्राकडे जाऊ नका, गुणाकार तपासा.

घनतेची वरची मर्यादाही कागदावरच काढून ठेवा. ग्रीनवाल्ड मर्यादा म्हणजे प्लाझ्मातला विद्युतप्रवाह (मेगाॲम्पिअरमध्ये) भागिले (पाय × लहान त्रिज्येचा वर्ग), उत्तर १० च्या २० व्या घातात. १५० किलोॲम्पिअरला आपल्या एककात ती ७.६ येते. खऱ्या यंत्रात या रेषेजवळ प्लाझ्मा कोसळायला लागतो. आपला प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार १५ पर्यंत जाईल, म्हणून सूचना देणारी एक ओळ स्वतः घाला.

एका समीकरणाचं मॉडेल

सर्वांत आधी त्रिज्या वगैरे काही नको. आतल्या एकूण कणांचा जमाखर्च:

संख्येतला बदल दर मिलिसेकंद = कार्यक्षमता × गॅसचा अणू-प्रवाह − संख्या × (१ − रि) ÷ टिकाव-काळ

‘कार्यक्षमता’ म्हणजे सोडलेल्या अणूंपैकी प्लाझ्मात राहणारा हिस्सा; खालच्या आकड्यांत ती १ धरली आहे. ‘टिकाव-काळ’ म्हणजे एक कण सरासरी किती वेळ आत राहतो. इथं १० मिलिसेकंद घ्या. ‘रि’ म्हणजे रिसायकलिंग: भिंतीवर गेलेल्या कणांपैकी किती हिस्सा परत येतो. रि ०.९ असेल तर परिणामी काळ १०० मिलिसेकंद होतो आणि घनता २ वर टिकवायला सतत ०.०१८५ एकक प्रति मिलिसेकंद, म्हणजे साधारण ०.३७ पास्कल-घनमीटर प्रति सेकंद गॅस लागतो. रि ०.९८ केला की तोच आकडा ०.०७५ वर येतो. रि १ झाला तर व्हॉल्व्ह बंद करूनही घनता खाली येत नाही, आणि १ च्या वर गेला तर भिंत स्वतःच गॅस सोडतेय. घनता हाताबाहेर जाते.

या एका आकड्यावर सगळं फिरतं, म्हणून इथं घाई करू नका. रि ०.८ पासून १.०२ पर्यंत बदलून आलेख काढा आणि तो शेजारी ठेवूनच पुढचं काम करा. नंतर कोणी ‘आमचं सिम्युलेशन मोजमापाशी तंतोतंत जुळलं’ असं सांगितलं, की रि किती धरला आणि का धरला हे आधी विचारावं. रि हवा तसा फिरवला तर काहीही जुळतं.

गॅसचा स्पंद चौकोनी देऊ नका. पायझो व्हॉल्व्ह (विजेनं आकार बदलणाऱ्या स्फटिकावर चालणारा) लवकर उघडतो, पण गॅसला नळीतून यायला वेळ लागतो. खोलीच्या तापमानाला हायड्रोजन रेणूचा सरासरी वेग १.७५ मीटर प्रति मिलिसेकंद. तरी नळीत तो भिंतींवर आपटत, पसरत येतो. ६ मिलिमीटर व्यासाची, ३० सेंटिमीटर लांब नळी आणि विरळ गॅस धरला तर ही पसरण सुमारे १० मिलिसेकंदांच्या घरात जाते. म्हणजे व्हॉल्व्ह १ मिलिसेकंद उघडला तरी प्लाझ्माला गॅस अनेक मिलिसेकंद मिळत राहतो. चौकोनी स्पंदाला एका घातांकी शेपटीनं गुळगुळीत करा आणि त्याखालचं क्षेत्रफळ मूळ स्पंदाइतकंच आहे ना, ते बघा.

त्रिज्येच्या दिशेनं: प्लाझ्माचा भाग

आता घनता त्रिज्येनुसार बदलू द्या. काठापासून केंद्रापर्यंत २.५ मिलिमीटर जाडीची १०० वलयं पाडा. प्रत्येक वलयातली घनता मधोमध ठेवा आणि कणांचा प्रवाह वलयांच्या कडांवर काढा. असं केलं की केंद्राशी ‘एक भागिले शून्य’ची भानगड उरतच नाही, कारण केंद्रावरच्या कडेचं क्षेत्रफळच शून्य असतं. सरळ समीकरण तोडून ठोकळेबाज फरक काढणाऱ्यांना केंद्रात टोकदार काटा दिसतो, तो यामुळेच. शिवाय वलयांच्या पद्धतीत एका वलयातून गेलेला कण शेजारच्या वलयात मिळतोच. हिशेब आपोआप पाळला जातो.

विसरण (कणांचं दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरणं) गुणांक सेकंदाला १ चौरस मीटर, म्हणजे आपल्या मापात ०.००१. साधी पुढे-पुढे जाणारी पद्धत वापरली तर वेळेचं पाऊल ३ मायक्रोसेकंदांच्या आत ठेवावं लागतं. ते ओलांडलं की आकडे करवतीसारखे वरखाली होतात. त्यापेक्षा इम्प्लिसिट पद्धत (पुढच्या क्षणाची घनता समीकरणं सोडवून काढणारी) घ्या, सायपायचं सॉल्व्ह-बँडेड वापरा आणि ०.०५ मिलिसेकंदाचं पाऊल टाका.

पुढे जाण्यापूर्वी दोन परीक्षा घ्याच. पहिली: काठावर घनता शून्य, सगळीकडे सारखा स्रोत ०.१ एकक प्रति मिलिसेकंद. स्थिर झाल्यावर केंद्रातली घनता १.५६२५ यायला हवी, आकार शुद्ध पॅराबोला. दुसरी: स्रोत बंद करून घनता आपोआप ओसरू द्या. सुरुवातीचा थोडा वेळ सोडला की ती १०.८ मिलिसेकंदांच्या घातांकी काळानं घटली पाहिजे (लहान त्रिज्येचा वर्ग भागिले ५.७८ × विसरण गुणांक). वरच्या मॉडेलमध्ये टिकाव-काळ १० घेतला तो उगाच नव्हे. या दोन आकड्यांत एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर पुढे जायचं नाही.

परीक्षा झाल्या की काठाची अट बदला: तिथं घनता शून्य न ठेवता २ सेंटिमीटर लांबीनं ओसरते असं धरा. बाहेर जाणारा प्रवाह म्हणजे विसरण गुणांक × काठची घनता ÷ ०.०२.

इथं एक गोष्ट दिसेल, ती पुष्कळांना चूक वाटते. गॅस काठाजवळ आयनीभूत होतो, केंद्रात स्रोत नसतो. मग स्थिर अवस्थेत केंद्रातली घनता सपाट येते. गणित बरोबरच आहे: जिथं स्रोत नाही तिथं निव्वळ प्रवाह नाही, आणि नुसतं विसरण असेल तर उतारही नाही. पण मोजमापात घनता मध्यभागी उंच असते. कारण आत ओढणारा प्रवाहही असतो, त्याला पिंच म्हणतात. साधा पर्याय म्हणून आत जाणारा वेग त्रिज्येच्या प्रमाणात वाढता ठेवा: गुणक × विसरण गुणांक × त्रिज्या ÷ लहान त्रिज्येचा वर्ग. गुणक २ घेतला तर काठाला सेकंदाला ८ मीटर आणि स्रोतहीन प्रदेशात केंद्र काठाच्या सुमारे २.७ पट. चिन्ह उलटं पडलं तर केंद्रात खड्डा दिसेल. लगेच ओळखू येतं.

न्यूट्रल अणूंचा माग

खरं काम इथं आहे. प्लाझ्मातले आयन चुंबकीय रेषांना बांधलेले असतात, पण न्यूट्रल, म्हणजे विद्युतभार नसलेल्या रेणू-अणूंना चुंबकक्षेत्राचं सोयरसुतक नाही. ते सरळ रेषेत जातात आणि कुठंतरी इलेक्ट्रॉनची धडक बसून आयन होतात. उन्हाळ्यात दांडानं सोडलेलं ओलिताचं पाणी तापलेल्या वावरात पहिल्या दोन-तीन सऱ्यांतच मुरतं, तसा थंड रेणू काठाच्या पहिल्या एक-दोन सेंटिमीटरांतच संपतो. तरीही लहान यंत्रात इंधन केंद्राजवळ पोचतं. कसं, ते माग काढल्यावरच कळतं.

पार्श्वभूमीला ठरावीक प्लाझ्मा घ्या. काठाला घनता ०.३ आणि मध्यभागी ३: म्हणजे ०.३ + २.७ × (१ − क्ष वर्ग) चा ०.६ वा घात, क्ष म्हणजे त्रिज्या भागिले लहान त्रिज्या. याची सरासरी २ येते. इलेक्ट्रॉन तापमान १० + २९० × (१ − क्ष वर्ग) चा वर्ग. आयन तापमान त्याच्या एक-तृतीयांश.

रेणू काठावरून सोडा. दिशा निवडताना कोन सरसकट सारख्या शक्यतेनं घेऊ नका. भिंतीतून येणारे कण लंबाकडे जास्त झुकलेले असतात. ० ते १ मधला रॅन्डम आकडा घेऊन त्याचं वर्गमूळ म्हणजे लंबाशी केलेल्या कोनाची ज्या (साइन), असं ठेवा. वेग ठरावीक १.७५ दिला तरी पहिल्या आवृत्तीत बिघडत नाही. रेणू फुटण्याचा एकूण दर घनता १ ला साधारण ३०० प्रति मिलिसेकंद धरा. काठाच्या ०.३ घनतेत तो सुमारे २ सेंटिमीटर जातो; पुढे घनता वाढते तसा आणखी लवकर फुटतो.

फुटताना ढोबळमानानं निम्म्या वेळा दोन अणू मिळतात आणि निम्म्या वेळा आधी रेणू-आयन होऊन मग एक आयन व एक अणू. म्हणजे सरासरी दीड अणू आणि अर्धा आयन. बेरीज दोन. ही बेरीज प्रत्येक घटनेला प्रोग्रॅममध्ये तपासा. सुटणारे अणू खोलीच्या तापमानाचे नसतात. बंध तुटल्याची ऊर्जा घेऊन सुमारे ३ ईव्हीनं कोणत्याही दिशेला उडतात, वेग २४ मीटर प्रति मिलिसेकंद. रेणूच्या चौदापट वेगवान. अणूंनाही खोलीचं तापमान देणारे प्रोग्रॅम सगळा स्रोत काठाला चिकटवून ठेवतात.

अणूच्या आयनीभवनाचा दर व्होरोनोव्हच्या सूत्रानं, आपल्या मापात:

य = १३.६ ÷ इलेक्ट्रॉन तापमान
दर = घनता × २९१ × (य चा ०.३९ वा घात) × (ई चा उणे य वा घात) ÷ (०.२३२ + य)

पडताळ्यासाठी घनता १ ला: ५ ईव्हीला ९.६, १० ला ५३, २० ला १३९, ५० ला २६५, १०० ला ३१७, आणि २०० लाही जवळपास तेवढाच. १ ईव्हीला मात्र ०.००००७. काठाचं तापमान ५ आहे की १० यावर पाचपट फरक पडतो. केंद्राचं २०० आहे की ३०० यावर काहीच नाही. मोजमाप मागायची संधी मिळाली तर काठाचं तापमान मागा. हा दर तळपातळीतल्या अणूचा आहे. घनता वाढली की उत्तेजित अणू लवकर आयन होतात, त्यासाठी पुढे ओपन-अडास या खुल्या संग्रहातली कोष्टकं वापरता येतात. ती फुकट आहेत.

दुसरी घटना चार्ज एक्स्चेंज. अणू आपला इलेक्ट्रॉन शेजारच्या गरम आयनाला देतो. आता तो गरम आयनच न्यूट्रल होऊन आपल्या वेगानं सुटतो. १०० ईव्हीजवळ याचा छेद (धडकेसाठीचं परिणामी क्षेत्रफळ) साधारण ३ × १० चा उणे १९ वा घात चौरस मीटर, दर घनता १ ला सुमारे ४७० प्रति मिलिसेकंद. आयनीभवनापेक्षाही जास्त! प्रोग्रॅममध्ये अणू नष्ट करायचा नाही, फक्त त्याचा वेग तिथल्या आयन तापमानाच्या मॅक्सवेल वाटपातून (त्या तापमानाला कणांचे वेग जसे विखुरलेले असतात त्यातून) नवा काढायचा.

केंद्रापर्यंत इंधन पोचण्याचं उत्तर यात आहे. ३ ईव्हीचा अणू घनता १ आणि १०० ईव्हीच्या प्रदेशात आयन होईपर्यंत साडेसात सेंटिमीटर जातो. तोच चार्ज एक्स्चेंजनं १०० ईव्हीचा झाला की वेग १४० होतो आणि पल्ला ४४ सेंटिमीटर, अख्ख्या लहान त्रिज्येपेक्षा जास्त. अर्थात पुढच्या चार्ज एक्स्चेंजला तो पुन्हा दिशा बदलतो, आणि निम्मे आत न जाता बाहेर जाऊन भिंतीवर आदळतात. चार्ज एक्स्चेंज वगळून एकदा रन करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. केंद्रातला स्रोत किती पडतो ते बघण्यासारखं आहे.

उड्डाणाचं अंतर काढायला ‘खोट्या टकरी’ची पद्धत सर्वांत सोपी. संपूर्ण प्लाझ्मात जो एकूण दर शक्य आहे त्याहून मोठा एक आकडा ठरवा. घनता ३ आणि आयन १०० ईव्हीला बेरीज २४०० च्या आसपास येते, गरम अणूचा स्वतःचा वेग धरला तर आणखी वाढते, ४००० ठेवा. उड्डाणाचा वेळ = उणे लॉग (रॅन्डम आकडा) ÷ ४०००. तिथं पोचल्यावर खरा दर भागिले ४००० एवढ्या शक्यतेनं टक्कर खरी, नाहीतर तसंच पुढे. नुकसान तेव्हा होतं, जेव्हा प्लाझ्मा बदलल्यावर खरा दर ४००० च्या वर जातो. प्रोग्रॅम थांबत नाही, नुसतं चुकीचं उत्तर देतो. म्हणून दर टकरीला तपासणी ठेवा आणि ओलांडलं तर रन तिथंच पाडा.

आणखी दोन बारीक खोडी. रॅन्डम आकडा नेमका ० आला तर लॉग अनंत होतो; १ मधून वजा करून घ्या. आणि कण नेमका काठावर जन्मला तर ‘सीमा कधी ओलांडेल’ या वर्गसमीकरणाचं एक उत्तर शून्य येतं, कण जन्मताच भिंतीवर आदळतो आणि पुन्हा तिथंच जन्मतो. प्रोग्रॅम अडकल्यासारखा दिसतो. कणाला एक मायक्रॉन आत सरकवा आणि मोठं उत्तर घ्या.

५०,००० रेणू पुरतात. नम्बा लावल्यावर साध्या लॅपटॉपलाही फार वेळ लागत नाही. पण आयनीभवनाची नोंद १०० वलयांत करू नका. सर्वांत आतल्या वलयाचं क्षेत्रफळ एकूणाच्या दहा हजारांश. तिथं चार-पाच नोंदीही मिळत नाहीत आणि आलेख केंद्रात काटेरी होतो. सारख्या क्षेत्रफळाची २५ वलयं करा, मग बारीक जाळीवर उतरवा. एका वलयात ४०० नोंदी म्हणजे ५ टक्के चूक. १ टक्का हवा तर १०,००० नोंदी.

शेवटी जमाखर्च: आयन झालेले अणू + भिंतीवर गेलेले अणू = २ × सोडलेले रेणू. भिंतीवर जाऊन रेणू म्हणून परत आलेल्यांना नवा जमा धरू नका. हा ताळा पूर्णांकात, शेवटच्या अणूपर्यंत जुळला पाहिजे. इथं ‘जवळपास’ चालत नाही.

दोन्ही भाग जोडताना

न्यूट्रल कण एकमेकांना फारसे धडकत नाहीत, म्हणून ठरावीक प्लाझ्मात ‘एका अणूमागे स्रोत कुठं किती’ हा आकार एकदा काढला की प्रवाहानं गुणून वापरता येतो. व्हॉल्व्हच्या गॅसचा एक आकार आणि रिसायकलिंगचा दुसरा, दोन्ही वेगळे साठवा. न्यूट्रल भागात भिंतीवरून परत येणारे कण मोजले असतील तर रिसायकलिंगचा स्रोत वेगळा जोडताना तेच कण दोनदा धरले जात नाहीत ना, हे बघा. घनता २ ला भिंतीवर जाणारा प्रवाह गॅसच्या दहापट असतो, त्यामुळे ही दुबार नोंद सगळं सिम्युलेशन बुडवते.

आकार दर १ ते २ मिलिसेकंदांनी नव्यानं काढा आणि दर वेळी रॅन्डम जनरेटरचं बीज (सीड) तेच ठेवा, म्हणजे निव्वळ गोंगाटानं घनता थरथरत नाही. गॅस जास्त असेल तर तापमान गोठवून ठेवू नका: ऊर्जा तीच आणि कण दुप्पट झाले की तापमान निम्म्यावर येतं. निदान घनता × तापमान हा गुणाकार कायम ठेवा, काठ थंड झाल्यावर स्रोत आत सरकतो तो परिणाम त्याशिवाय दिसणार नाही.

व्हॉल्व्ह एका जागी आणि आपण तर सगळीकडे सारखा गॅस धरला, हे चालतं का? २० ईव्हीला आयनांचा ध्वनिवेग सुमारे ६० मीटर प्रति मिलिसेकंद आणि कड्याचा परीघ ४.७ मीटर. मिलिसेकंदाच्या मापात सरासरी चालते. व्हॉल्व्हच्या तोंडासमोरचा प्रकाश किंवा थंडावा हवा असेल तर नाही.

मोजमापाशी ताडताना इंटरफेरोमीटरचा (प्लाझ्मातून किरण पाठवून घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा सरासरी घनतेशी थेट लावू नका. तो केंद्रातून जाणाऱ्या रेषेवरची सरासरी देतो. पॅराबोलाला रेषेची सरासरी केंद्राच्या दोन-तृतीयांश आणि आकारमानाची निम्मी, म्हणजे ३३ टक्क्यांचा फरक नुसत्या व्याख्येचा. प्रोग्रॅममध्येच रेषेवरची बेरीज करून घ्या. हायड्रोजन-अल्फा या लाल प्रकाशरेषेची, ६५६.३ नॅनोमीटरची तेजस्विता काढायची असेल तर साधारण १५ आयनीभवनांमागे एक फोटॉन धरतात. काठाच्या नेहमीच्या तापमानात हे ढोबळ प्रमाण बरं चालतं, पण ५ ईव्हीच्या खाली आणि जिथं रेणूच जास्त आहेत तिथं नाही.

हे सगळं चालू लागलं की एज२डी, सोल्प्स-इटर, यूएज, डेगास २, आयरिन यांसारखे प्लाझ्माच्या काठाचं गणित करणारे मोठे कोड काय करतात ते वाचताना अडखळायला होत नाही. आयरिन आणि डेगास २ न्यूट्रल कणांचा असाच माग काढतात, फक्त खऱ्या भिंतीच्या आकारात आणि शेकडो अभिक्रिया धरून.

मोठ्या यंत्राचा अंदाज घ्यायचा असेल तर हाच प्रोग्रॅम फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या मापानं चालवून बघा: मोठी त्रिज्या ६.२ मीटर, लहान २ मीटर. काठाला घनता ४ आणि १०० ईव्ही धरले तर ३ ईव्हीचा हायड्रोजन अणू १.९ सेंटिमीटर जातो, ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) त्याहून कमी, १.३. दोन मीटरांच्या मानानं हे काहीच नाही, म्हणून तिथं गाभ्यासाठी गोठवलेल्या इंधनाच्या गोळ्या झाडायची योजना आहे आणि गॅस मुख्यतः काठासाठी. फक्त जाळी आधी बदला. २ मीटरांची १०० सारखी वलयं केली तर एक वलय २ सेंटिमीटरचं होतं, सगळा स्रोत शेवटच्या एकाच वलयात पडतो आणि उत्तर वलयांच्या संख्येवर हलत राहतं. काठाच्या १० सेंटिमीटरांत १ मिलिमीटरची वलयं घ्या, आत ती हळूहळू रुंद करत न्या, शेजारच्या दोन वलयांत १० टक्क्यांहून जास्त फरक ठेवू नका, आणि वरच्या दोन परीक्षा या जाळीवर नव्यानं घ्या.